नऊ चित्रांचं बालपण

देवकरवाडीच्या पूर्णबुवा महाराजांना बालपण नव्हतं. एका गुरुवारी सकाळी ते एकदम एकेचाळीस वर्षांचेच, खांद्यावर पंचा आणि हातात तांब्या घेऊन औदुंबराखाली येऊन बसले होते, आणि त्याआधी ते कुठेच नव्हते. यात लपवाछपवी काही नव्हती. कोणी विचारलं की महाराज सरळ सांगत, "मला लहानपण नव्हतं." त्यांच्या रेशनकार्डावर जन्मतारखेच्या रकान्यात 'लागू नाही' असं लिहिलेलं होतं आणि त्यावर रीतसर शिक्का होता.

तेवीस वर्षं यामुळे कोणाचं काही अडलं नाही. महाराजांना शीळ घालता येत नव्हती, झोपाळ्यावर बसवलं तर पुढे काय करायचं ते कळत नव्हतं, दंडावर देवीच्या लशीचा वण नव्हता, एवढंच. पण मग नदीपलीकडच्या संस्थानाने आपल्या महाराजांच्या बाललीलांचं मोठं दालन उभारलं, आणि इकडच्या भक्तांना बाजारात तोंड दाखवायची चोरी झाली. तेव्हा कार्यकारी समितीने ठराव केला, की नव्या सभामंडपाच्या भिंतीवर महाराजांच्या बालपणीचे नऊ प्रसंग रंगवून घ्यावेत, म्हणजे त्यांना बालपण होईल.

कामाला दोन कलाकार आले. सावंतवाडीचे रघुवीर चितारी माणसं, झाडं, घरं, आभाळ असं सगळं रंगवायचे, फक्त डोळ्यांची जागा कोरी सोडायचे. डोळ्यांसाठी पेणहून द्वारकाबाई म्हात्र्यांना बोलावलं होतं. द्वारकाबाईंनी सव्वीस वर्षं गणपतींच्या डोळ्यांची आखणी केली होती. आखणी म्हणजे शेवटचं काम. मूर्ती घडते, सुकते, रंगते, पण डोळे आखेपर्यंत ती माती असते, हे पेणमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आखताना श्वास रोखायचा आणि रेघ एकदाच ओढायची. पुसापुशी करायची नाही.

भिंतीवरच्या चित्रांचंही तसंच होतं. द्वारकाबाईंनी डोळे आखले की तो प्रसंग घडलेला असे. आधी तो घडलेला नव्हता हेही लोकांना आठवत असे. गावात जुना रस्ता आणि नवा रस्ता दोन्ही असले तर लोक दोन्हींनी जातात, तसं ते होतं. संस्थानचे सचिव खांबेटे यांनी त्यासाठी एक वही घातली होती, 'घडलेल्या प्रसंगांची नोंद'. त्या वहीत तारीख, प्रसंग आणि शेरा असे तीन रकाने होते.

पहिलं चित्र पाळण्याचं. पाळण्यात बाळ, शेजारी दोरी ओढणारी आई, दारातून शेताकडे निघालेले वडील. द्वारकाबाईंनी सोमवारी बाळाचे आणि आईचे डोळे आखले. मंगळवारी दहाच्या एसटीने आई आल्या.

हातात कापडी पिशवी, वय चौऱ्याऐंशी, केस मात्र काळेभोर, कारण चित्रात तसे होते. कार्यालयात येऊन म्हणाल्या, "माझा पोरगा हितं हाय म्हणं."

खांबेट्यांनी इतिवृत्त काढून नाव पडताळलं. मातोश्रींचं नाव मागल्या बैठकीत 'भागीरथीबाई' असं मंजूर झालं होतं. बाईंनी तेच सांगितलं. वडील आले नाहीत. ते चित्रात पाठमोरे होते, त्यामुळे त्यांना डोळे नव्हते.

"दोघांचे चेहरे बसवायला भिंतीला जागा कुठे होती?" रघुवीर चितारी म्हणाले.

भागीरथीबाईंना भक्तनिवासातली सहा नंबरची खोली मिळाली. तिथे तीन दिवसांपेक्षा जास्त राहता येत नसे. म्हणून त्या दर तिसऱ्या दिवशी मुदतवाढीचा अर्ज देत, आणि खांबेटे तो दर तिसऱ्या दिवशी मंजूर करत. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

चित्रं पुढे सरकली, तसं महाराजांना बालपण येत गेलं. शाळेच्या चित्रानंतर दंडावर लशीचा वण उठला आणि महाराज सतराचा पाढा म्हणायला लागले, तेही सतरा सत्ते अडखळून. आंब्यावरून पडण्याच्या चित्रानंतर गुडघ्यावर व्रण आला. शेत राखण्याच्या चित्रानंतर शीळ आली, आणि मग दोन दिवस प्रवचन नीट झालं नाही. गायीच्या चित्रात द्वारकाबाईंनी सवयीने गायीचेही डोळे आखले, तर दुसऱ्या दिवशी गाय फाटकाशी उभी. खांबेट्यांनी शेऱ्याच्या रकान्यात 'गाय आली, गोशाळेत बांधली' असं लिहिलं आणि डोळे फक्त मंजूर व्यक्तींचेच आखावेत असं तोंडी बजावलं.

आणि महाराज हसायला लागले. पूर्वी ते शांत असत, म्हणजे भिंत शांत असते तसे. आता आई प्रवचनाच्या आधी पहिल्या रांगेतून उठून म्हणायच्या, "पुन्या, नखं दाव."

"मातोश्री," खांबेटे हळूच म्हणायचे, "भक्तांसमोर महाराज म्हणावं."

"बरं. म्हाराज, नखं दावा."

चौसष्ट वर्षांचे महाराज दोन्ही हात पुढे करत. मंडपातले चारशे भक्त नकळत आपापली नखं बघत.

द्वारकाबाईंना भागीरथीबाईंचा लळा लागला होता, त्यात आडपडदा कशाला? परांचीवर बसून आखणी करणाऱ्या बाईच्या कपाळावर घाम आला, तर पदराने टिपायला कोणी येईल अशी त्यांना सवयच नव्हती. इथे भागीरथीबाई दुपारी भाकरी आणि ठेचा घेऊन यायच्या, त्यांचे केस सोडून तेल घालायच्या. सव्वीस वर्षं ज्यांचे डोळे उघडले ते सगळे दहा दिवसांत पाण्यात गेले होते. डोळे उघडलेलं कोणीतरी समोर बसून "बया, जेवलीस का?" विचारतंय, हे द्वारकाबाईंना पहिल्यांदाच मिळत होतं.

आठ चित्रं झाली. नववं राहिलं, ते गृहत्यागाचं.

आराखडा खांबेट्यांनीच वाचून दाखवला. पहाटेची वेळ. आठ वर्षांचा पूर्णाजी उंबऱ्याबाहेर, नजर रस्त्याकडे. आत वाकळेवर मातोश्री निद्रिस्त, डोळे मिटलेले. खाली मजकूर: 'बालवयातच महाराजांनी घर सोडले. मातोश्रींनी पुत्रवियोगात देह ठेवला.'

द्वारकाबाईंनी विचारलं, "देह ठेवला म्हणजे?"

"म्हणजे वारल्या."

"त्या सहा नंबरात आहेत."

"बुधवारपर्यंत," खांबेटे म्हणाले. त्यांनी खोल्यांचा तक्ता उलटा करून दाखवला. खोली क्रमांक सहा, बुधवार दुपारपासून, रिकामी. खांबेटे दुष्ट नव्हते. त्यांना रकाने भरलेले आवडत, एवढंच. "बाई, गृहत्यागाशिवाय महाराज होत नाहीत. आत्ता आठ वर्षांपर्यंत बालपण आहे आणि पुढे एकेचाळिसाव्या वर्षी औदुंबर. मधली तेहतीस वर्षं मोकळी आहेत. मुलगा घर सोडून गेलाच नाही, तर इथे आला कुठून, हे उद्या पलीकडचे विचारणारच."

"पण आईने का मरायचं?"

"पद्धत आहे तशी. पलीकडच्यांच्या मातोश्रीही वारल्या."

द्वारकाबाई रघुवीर चिताऱ्यांकडे गेल्या. ते वाकळेच्या ठिगळांना रंग देत होते. "मी आराखड्याबाहेरची रेघ ओढत नाही," ते म्हणाले. "बाई कुशीवर आडवी काढायची, ती काढली. डोळ्यांची जागा कोरी सोडली. पुढचं तुमचं. मिटलेल्या डोळ्याला एक रेघ पुरते."

महाराजांना विचारावं म्हणून त्या औदुंबराकडे गेल्या. महाराज शिळेचा सराव करत होते.

"मला जावं लागणार, असं खांबेटे म्हणतात," ते म्हणाले.

"तुम्हाला जायचंय का, महाराज?"

महाराजांनी तांब्या बाजूला सरकवला. "आठ वर्षांच्या पुन्याला जायचं असेल. त्याला काय कळतंय! मी इथे बसलोय म्हणजे तो गेलाच असणार. पण अजून गेला नाही, आणि आई सकाळी दूध देते." मग एकदम त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "द्वारकाबाई, हे चित्र खूप दिवस लागणारं आहे का?"

"नाही, महाराज. डोळ्यांचं काम दोन मिनिटांचं."

महाराजांनी मान हलवली आणि पुन्हा शीळ घालून बघितली. ती नीट आली नाही.

मंगळवारी दुपारी भागीरथीबाई भाकरी घेऊन आल्या आणि परांचीखाली बसल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. अर्ज द्यायला गेल्या तेव्हा खांबेट्यांनी तक्ता त्यांनाही दाखवला होता. द्वारकाबाई खाली उतरल्या, पण भाकरी नुसती हातात धरून बसल्या.

"खा की," भागीरथीबाई म्हणाल्या. "मरायची मी हाय, उपास तू धरतीस व्हय?"

"आई, मी नाही आखणार. मी पेणला जाते."

"मग दुसरी कुणी आखील. जरा वाकडं आखील." भागीरथीबाई भिंतीवरच्या वाकळेकडे बघत राहिल्या. "हे बघ, पोरी. पोरगं घर सोडून जातं, जाऊ दे. म्हाराज व्हायचंय तर जायाच पायजे, एवढं कळतंय मला. मला राहू दे म्हणून बी मी म्हणत न्हाई. पर झोपंत नको." त्यांचा आवाज तिथे फाटला. "झोपंत गेलं की माणूस जल्मभर एकच म्हणतंय, मी जागी का न्हवते? मी जागी का न्हवते? त्यानंच मरत आसंल बाई. दुसऱ्या कशानं न्हाई."

"जाग्या असतात तर काय केलं असतंत? धरून ठेवलं असतंत?"

"ते आत्ता कसं सांगू? तवाचं तवा."

द्वारकाबाईंनी हातातली भाकरी खाली ठेवली. कारण आईने धरून ठेवलं, तर पुन्या गेला नसता, आणि पुन्या गेला नसता तर उद्या औदुंबराखाली कोणीच नसतं. चारशे भक्त, गोशाळा, भक्तनिवास, खांबेट्यांच्या वह्या, सगळं त्या एका बाईच्या तवाच्या तवावर येऊन ठेपलं होतं. आणि आखणी करणाऱ्या हाताला हे ठरवायचा अधिकार कोणत्याही ठरावाने दिलेला नव्हता.

बुधवारी मुहूर्त अकरा चाळीसचा होता. मंडप गच्च भरला. महाराज गादीवर होते. भागीरथीबाई बायकांच्या पहिल्या रांगेत, इस्त्रीचं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पिशवी का आणली, असं कोणी विचारलं नाही. खांबेटे माइकसमोर मजकुराचा कागद धरून उभे होते. द्वारकाबाई परांचीवर चढल्या आणि वाजंत्री थांबली, कारण आखणीच्या वेळी आवाज करायचा नसतो, हे आता देवकरवाडीतही सगळ्यांना माहीत झालं होतं.

त्यांनी आधी आई घेतली. ब्रश काळ्यात बुडवला, श्वास रोखला आणि वरच्या पापणीची रेघ ओढली. मिटलेल्या डोळ्याला तेवढी पुरली असती. हात उचलायचा राहिला. द्वारकाबाईंनी खालची पापणी ओढली, मध्ये बुबुळ ठेवलं, मग दुसरा डोळाही तसाच केला. सव्वीस वर्षांत इतका भरभर त्यांचा हात कधी चालला नव्हता. मागून रघुवीर चितारी "अहो" म्हणाले, पण अगदी हळू.

मग त्यांनी मुलगा घेतला. त्याचा एकच डोळा दिसत होता. तो त्यांनी मंजुरीप्रमाणे रस्त्याकडेच लावला, बुबुळाला पांढरा ठिपका दिला आणि श्वास सोडला.

मागे वळून बघायला त्यांना धीर होत नव्हता. आधी त्यांनी गादीकडे बघितलं. महाराज होते. पोटावर हात ठेवून, काहीतरी आठवल्यासारखे बसले होते.

खांबेट्यांची पाठ चित्राकडे होती. त्यांनी माइकवर वाचायला सुरुवात केली. "बालवयातच महाराजांनी घर सोडले. मातोश्रींनी पुत्रवियोगात देह ठेवला."

"कुणी ठेवला?" पहिल्या रांगेतून आवाज आला.

भागीरथीबाई उभ्या होत्या. केस एका रेघेत पांढरेफटक झाले होते, पाठ कमरेतून वाकली होती आणि हातांना भेगा पडल्या होत्या. छप्पन्न वर्षं एकदम अंगावर आलेली बाई दिसावी तशा त्या दिसत होत्या. डोळे मात्र टक्क उघडे होते.

"मातोश्री, मजकुरात तसं आहे," खांबेटे म्हणाले.

"मजकुरात आसंल. मी जागी व्हते की. पाय न वाजवता निघालं व्हतं बेनं. म्हटलं, पुन्या, कुठं? म्हणला, जातो. कुठं जातो, कशाला जातो, कायबी सांगता येईना त्याला. म्हटलं, थांब, भाकरी बांधते. चूल पेटवली. भाकरी व्हईस्तोवर दोघंबी बोललो न्हाई." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मग म्हटलं, जा. तर जाईना. उंबऱ्यावर हुबा ऱ्हाऊन माझ्याकडंच बघाय लागला. मग मीच ढकलला. मीच ढकलला, बाबांनो. वेशीपातुर दिसत व्हता, तंवर बघितला. मग म्हशीची धार काढायची व्हती."

"भाकरी गरम होती," महाराज गादीवरून म्हणाले. "पंच्यात बांधून पोटाशी धरली होती. चटका बसला." भक्तांपैकी बऱ्याच जणांना तो गरम भाकरीचा वास आला आणि ते आपापल्या आईची आठवण काढून डोळे पुसायला लागले.

खांबेट्यांनी आता मान वळवून चित्र बघितलं. मग आराखडा बघितला. मग पुन्हा चित्र.

"द्वारकाबाई, मंजूर आराखड्यात मातोश्रींचे डोळे मिटलेले आहेत."

"हो."

"इथे उघडे आहेत."

"हो."

"याचा खुलासा?"

"खुलासा नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी मुद्दाम आखले."

"जागा कोरी होती," रघुवीर चितारी मध्येच म्हणाले. त्यांनी आयुष्यात केलेलं हे पहिलं आराखड्याबाहेरचं बोलणं असावं.

खांबेट्यांनी माइक बंद केला. प्रसंग घडण्याआधी हरकत घेता येते, घडल्यावर फक्त नोंद घेता येते. त्यांनी वही उघडली आणि लिहिलं: 'प्रसंग नववा. गृहत्याग. घडला. मातोश्री जाग्या.' मजकुरातलं दुसरं वाक्य त्यांनी पट्टी ठेवून सरळ रेघेने खोडलं आणि बाजूला सही केली.

महाराज गादीवरून उतरून आईजवळ आले. "आई, आता सहा नंबरची मुदत मी कायमची वाढवून घेतो."

"कशाला?" भागीरथीबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "माझं घर हाय की. म्हस हाय. शेजारणीला धार काढ म्हणून सांगून आल्ये, तिनं तरी किती दिस काढायची? मला दीडची एसटी गाठू दे."

हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. कालपर्यंत त्या बाईला जगात फक्त पुन्या होता. त्याचं आठवं वर्ष आणि मग एकदम देवकरवाडीची एसटी, मध्ये काही नव्हतं. आता मध्ये छप्पन्न वर्षं होती. त्यात पावसाळ्यात गळणारं घर होतं, तीन म्हशी होऊन गेल्या होत्या, भावकीची भांडणं होती, वाट बघणारी शेजारीण होती. इतकं सगळं टाकून भक्तनिवासात कोण राहील? द्वारकाबाईंना आनंद झाला, आणि त्या आनंदात त्यांना फार वाईट वाटलं. पाण्यात नाही, पण ही बाईसुद्धा चाललीच होती.

थांब्यावर भागीरथीबाईंनी द्वारकाबाईंच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "हात चांगला हाय तुझा. वाळत जाऊ नगंस, येळंवर खा." मग महाराजांकडे वळल्या. "दिवाळीला ये. मागल्या खेपंला जातो म्हणून गेलास तो आला न्हाईस."

"येईन," महाराज म्हणाले.

एसटी आली. कंडक्टरने त्यांना हात देऊन वर घेतलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत महाराज रस्त्याच्या मधोमध उभे होते, आणि मागून आलेला उसाचा ट्रॅक्टर हॉर्न न वाजवता थांबून राहिला.

परत आल्यावर खांबेट्यांनी खोल्यांचा तक्ता बघितला. खोली क्रमांक सहा बुधवारी दुपारी रिकामी झाली होती. तेवढ्यापुरता ठराव पाळला गेला होता.

द्वारकाबाई आपल्या खोलीची किल्ली द्यायला कार्यालयात गेल्या, तेव्हा महाराज टेबलासमोर उभे होते. ते कार्यालयात कधी येत नसत, त्यामुळे खांबेटेही उभे होते.

"मला दिवाळीत रजा हवी आहे," महाराज म्हणाले.

"महाराजांच्या रजेची तरतूद संस्थानच्या घटनेत नाही."

"मग करा."

खांबेट्यांनी घटना चाळली. रजा देऊ नये असंही तिच्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी नोकरांच्या रजेचा छापील अर्ज काढला, 'हुद्दा' या रकान्यात 'महाराज' लिहिलं आणि पेन थांबवलं. "किती दिवस?"

महाराज बोटांवर मोजायला लागले. पाचव्या बोटावर अडले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि मग मोजणं सोडून दिलं. "आईला विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "ती म्हणेल तितके."

खांबेट्यांनी 'दिवस' या रकान्यात 'मातोश्री म्हणतील तितके' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. महाराजांनी खाली सही केली. साक्षीदाराची जागा रिकामी होती. खांबेट्यांनी अर्ज टेबलावरून सरकवला, आणि द्वारकाबाईंनी किल्ली बाजूला ठेवून तिथे आपलं नाव लिहिलं.